शून्य जानेवारी

एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिता येणारा माणूस एका सोसायटीत एकच असावा. दोन झाले की दोघांचाही भाव उतरतो. आमच्याकडे सध्या मी एकटा आहे आणि हे असंच राहावं म्हणून मी कोणाला मॅक्रो शिकवत नाही, फक्त समजावून सांगतो. ऐकणाऱ्याला शेवटी एवढंच कळावं की हे आपलं काम नव्हे, अशा बेतानं समजावतो. ऑल्ट धरून एफ-11 दाबलं की पडद्यावर जे काही उघडतं, ते बघून कमिटीची मंडळी दोन पावलं मागं सरकतात. ती सरकली का, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतो. मग चष्मा काढून पुसतो. चष्मा स्वच्छच असतो.

या सगळ्या मानमरातबाच्या मुळाशी काही नाही. हा विनय नव्हे. खरोखरच 'काही नाही' हाच माझा विषय आहे. मॅक्रोची भाषा व्हीबीए. ती एक्सेलमध्ये आली 1993 साली, आणि काही नसण्याचे तिच्यात जेवढे प्रकार आहेत तेवढे असण्याचेही नसतील. माणूस 'डिम' लिहून एखादं व्हेरिएबल जाहीर करतो आणि त्यात काही भरायचं राहून जातं. तरी ते मोकळं राहत नाही. आकड्याचं असेल तर त्यात शून्य असतं. अक्षरांचं असेल तर शून्य लांबीची ओळ. हो-नाहीचं असेल तर 'फॉल्स'; म्हणजे कोणी काही विचारायच्या आधीच नाही. एखाद्या शीटकडे किंवा चौकटीकडे बोट दाखवणारं असेल तर 'नथिंग'. आणि ते कसलं आहे हेच सांगितलं नसेल तर ते 'व्हेरिएंट', आणि त्याच्या पोटात 'एम्प्टी'.

हा एम्प्टी फार गोड बोलतो. शून्याशी ताडून पाहा, म्हणेल, मी तोच. रिकाम्या ओळीशी ताडा, म्हणेल, अहो, मी तीच. फॉल्सपुढेही मान डोलावतो. शून्य आणि रिकामी ओळ यांना मात्र थेट समोरासमोर आणलं तर 'टाइप मिसमॅच', त्रुटी क्रमांक 13. भांडणाऱ्या दोन्ही घरी जेवून येणारे आणि दोन्हीकडे 'तुमचंच बरोबर' म्हणणारे असे एक गृहस्थ आमच्या कमिटीतही आहेत. ते दर वेळी बिनविरोध निवडून येतात.

आधीच्या खजिनदारांनी केलेला वर्गणीचा मॅक्रो मला वारसाहक्कानं मिळाला. त्याच्या डोक्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' ही दोन शब्दांची ओळ नव्हती. ती असली की जाहीर न केलेलं नाव वापरल्याबरोबर एक्सेल हटकतो. नसली तर अवाक्षर काढत नाही. अनोळखी नाव दिसलं की तिथल्या तिथं नवं व्हेरिएबल करतो, आत एम्प्टी घालतो आणि पुढं जातो. आता मराठी माणूस रोमन लिपीत मराठी नावं लिहायला बसला की काय होणार? देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाचं भांडण निदान दोन वेलांट्यांत मिटतं. रोमनमध्ये 'वर्गणी'च्या शेवटी एक आय घ्यावा, दोन ई घ्याव्यात, की शाळेतल्या सवयीनं वाय? खजिनदारांनी पैसे जमा केले एका आयच्या वर्गणीत आणि बेरीज छापायला काढली दोन ईंची. दोन ईंच्या वर्गणीत काहीच नव्हतं, त्यामुळं बेरजेची चौकट कोरी यायची. ते दर वेळी तिथं पेनानं आकडा लिहीत आणि प्रिंटरची शाई संपत आली आहे असं सांगत.

हा शोध मी वार्षिक सभेत जाहीर केला. आवाज किंचित खाली आणून, शेवटच्या वाक्याआधी पाण्याचा घोट घेऊन. अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे मेंटेनन्स वाढणार का?"

त्याच मॅक्रोत तीन नावं एका ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिली होती आणि शेवटी एकदाच 'अ‍ॅज इंटिजर'. तिन्ही आकड्याची झाली असं लिहिणाऱ्याला वाटतं. आकड्याचं होतं फक्त शेवटचं. पहिली दोन व्हेरिएंटच राहतात. हे मी सभेत सांगितलं नाही. सभा उठली होती.

'नल'ची गोष्ट निराळी. हा एक्सेलच्या चौकटीत सहसा सापडत नाही, डेटाबेसमधून येतो. पण दहा चौकटी एकदम निवडून 'अक्षरं ठळक आहेत का?' असं मॅक्रोतून विचारा. काही ठळक आणि काही साधी असली तर हो असंही उत्तर येत नाही, नाही असंही येत नाही, येतो नल. नलमध्ये पाच मिळवा, नल. नल आणि नल सारखे आहेत का विचारा, तरी उत्तर नलच. आणि 'इफ' त्या उत्तराला नकार समजतो. म्हणून त्याला ओळखायला 'इझनल' असं वेगळं फंक्शन ठेवावं लागलं. एकदा काम करता करता मी ज्ञान वाटायच्या हेतूनं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'बी विंगमध्ये नल आला आहे.' टंकनदोष समजून लोकांनी ळ वाचला. बी विंगमधल्या बादल्या भरायला निघाल्या, आणि ए विंगनं 'आम्हाला का नाही?' म्हणून लेखी तक्रार केली.

आता तारखेचं सांगतो. खरं तर इथं त्याची गरज नाही, पण हे सांगायला मिळावं म्हणूनच मी पुष्कळदा विषय काढतो. कोऱ्या चौकटीकडे बोट दाखवणारं सूत्र लिहिलं की एक्सेल शून्य दाखवतो, आणि त्या शून्याला तारखेचा पोशाख चढवला की तो शून्य जानेवारी 1900 होतो. आमच्या यादीत काही भाडेकरू शून्य जानेवारी 1900 पासून राहत आहेत. इमारत 1998 सालची आहे. पण मॅक्रोत तारखेचं व्हेरिएबल करून त्यात काही भरलं नाही, तर तेच शून्य 30 डिसेंबर 1899 ची मध्यरात्र होतं. शून्य एकच, तारखा दोन. कारण? लोटस 1-2-3 नावाचा प्रोग्राम 1983 साली आला, त्यात 1900 हे लीप वर्ष धरलं होतं. ते नव्हतं; शतकाच्या वर्षाला चारशेनं भाग जावा लागतो. पण लोकांच्या फायली लोटसमध्ये होत्या, त्यांची मोजणी बिघडू नये म्हणून एक्सेलनं ती चूक जशीच्या तशी दत्तक घेतली. एक्सेलमध्ये साठावा दिवस आजही 29 फेब्रुवारी 1900 आहे, जो पृथ्वीवर उगवलाच नाही. व्हीबीए करणाऱ्यांनी तो खोटा दिवस मानला नाही, पण बाकीच्या तारखा तर जुळायला हव्यात, म्हणून त्यांनी मोजणीची सुरुवातच एक दिवस मागं नेली. 1 मार्च 1900 ला दोघांचा हिशेब जुळतो: एकसष्ट. त्याआधी घरात दोन कॅलेंडरं. मॅकवरच्या जुन्या एक्सेलनं तर ही कटकटच नको म्हणून 1 जानेवारी 1904 पासून मोजायला घेतलं, त्यामुळं दोन पद्धतींत 1462 दिवसांचं अंतर पडलं.

माझं मन 30 डिसेंबर 1899 वर बसलं आहे. तो शनिवार होता. टिळकांना तुरुंगातून सुटून सव्वा वर्ष झालं होतं. बालगंधर्व अकरा वर्षांचे होते. आणि पालगडला साने गुरुजी सहा दिवसांचे होते. त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री बाळापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून. जगभरच्या मॅक्रोंमध्ये जेवढ्या तारखा भरायच्या राहिल्या आहेत, त्या सगळ्या गुरुजींच्या पाळण्यापाशी जमा झाल्या आहेत, असं मला उगाच वाटतं. हे मी आमच्या ऑडिटरला सांगितलं. त्यानं विचारलं, "भाडेकरूंचे करार कुठायत?"

शून्याचा विषय निघाला की सभेत कोणीतरी उठून 'शून्य भारतानं जगाला दिलं' म्हणतंच, आणि मीही मान हलवतो, जणू देताना मी तिथं उभा होतो. ब्रह्मगुप्तानं 628 साली शून्याचे नियम लिहिले, त्यात शून्याला शून्यानं भागलं तर शून्य असं दिलं आहे. व्हीबीएला तोच भागाकार सांगा, तर तो भागाकाराबद्दल बोलतच नाही, 'ओव्हरफ्लो' म्हणतो. एकाला शून्यानं भागलं तर नीट 'डिव्हिजन बाय झीरो' सांगतो. शून्यानं शून्याला भागलं की टाकी भरून वाहते.

पण मला राग येतो तो या कशाचा नव्हे. पाण्याच्या मीटरचं उदाहरण घ्या. चार फ्लॅट. एकाचं पाणी वीस युनिट, दुसऱ्याचं दहा. तिसरा बंद आहे, मीटर पाहिला, शून्य. चौथ्याचा मीटर कोणी पाहिलाच नाही, चौकट कोरी. एक्सेलचं अ‍ॅव्हरेज कोरी चौकट सोडतं आणि शून्य धरतं: सरासरी दहा. आता कोणीतरी यादी 'स्वच्छ' करायला घेतो आणि कोऱ्या जागी शून्य भरतो: साडेसात. दुसरा कोणीतरी शून्यं दिसायला वाईट दिसतात म्हणून ती पुसतो: पंधरा. घरं तीच, पाणी तेच. आणि तिसरा एक असतो, जो चौकट पुसायची म्हणून स्पेस-बार दाबतो. चौकट कोरी दिसते, पण मॅक्रोला तिथं एक अक्षर दिसतं. रिकामी ओळ देणारं सूत्र बसलेली चौकटही तशीच. डोळ्यांना मोकळी, पण 'इझएम्प्टी'ला विचारा, ते म्हणतं, भरलेली आहे.

सरकारी कचेऱ्यांची आपण थट्टा करतो, पण ही गोष्ट तिथल्या कारकुनाला आधीपासून कळते. वरून माहिती मागवली आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसलं, तरी गप्प बसायचं नसतं. निरंक अहवाल पाठवायचा असतो. उत्तर न येणं आणि निरंक उत्तर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात स्मरणपत्र जातं, दुसऱ्यात फाइल बंद होते. मोबाइलवरचे हल्लीचे अर्ज मात्र कोरी जागा ठेवूच देत नाहीत. लाल चांदणी दाखवून अडवतात. माणूस कंटाळून शून्य टाकतो, टिंब टाकतो, एकापुढे नऊ एक टाकतो. मग त्या शून्यांच्या सरासऱ्या निघतात आणि त्यावर कोणीतरी गंभीर चेहऱ्यानं भाषण करतं.

गेल्या वर्षी आम्ही ज्येष्ठ रहिवाशांची यादी केली. अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, हा त्यातला मुख्य रकाना. मी तिथं मोठ्या हौसेनं निवडीची यादी बसवली होती: मुलगा, मुलगी, नातेवाईक, शेजारी, लागू नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांच्या मुलाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. परदेशात नोकरी बदलली, नंबर बदलला, नवा अजून कळवलेला नाही. किती दिवस झाले, हे मी विचारलं नाही. बोटं सवयीनं 'लागू नाही'वर गेली. त्या चष्म्याशिवाय वाचत होत्या.

"लागू नाही काय लिहितोस? मुलगा आहे मला."

"मग शेजारी लिहू?"

"शेजारी आहेतच. ते काय लिहायचंय! ती जागा राहू दे तशीच. त्याचा फोन आला की मी सांगते तुला."

मॅक्रो मी असा लिहिला होता की रकाना भरल्याशिवाय पुढच्या घरी जाताच येत नव्हतं. घरी आल्यावर ती अट काढली. आता त्या चौकटीत एम्प्टी आहे, मी ते 'इझएम्प्टी'नं तपासतो, शून्याशी किंवा रिकाम्या ओळीशी ताडून नाही, आणि तेवढ्या ओळीपाशी मॅक्रो बेरीज न करता, हटकत न बसता पुढं जातो. दर महिन्याला यादी छापतो तेव्हा त्या विचारतात, "ठेवलीय ना जागा?" यादी करणारा म्हणून इमारतीत माझं नाव झालं आहे, त्यात या ओळीचा वाटा किती, हे कोणाला ठाऊक नाही, आणि मला ते प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

बाकी कोणी मॅक्रो लिहिणारे हे वाचत असतील, अर्थात माझ्या इमारतीबाहेरचे, तर त्यांच्यासाठी: व्हीबीएच्या खिडकीत टूल्स, त्यात ऑप्शन्स, त्यात एडिटर. तिथं 'रिक्वायर व्हेरिएबल डिक्लेरेशन'पुढची चौकट मुळात कोरी असते. तिच्यावर बरोबरची खूण करा. त्यानंतर प्रत्येक नव्या मोड्यूलच्या डोक्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' आपोआप येईल. जुन्या मोड्यूलांत ते येत नाही; तिथं हातानं लिहावं लागतं.