पॅचमास्तर

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत पॅचमास्तर राहतो. मास्तर ही आम्ही दिलेली पदवी, नोकरी बेलापूरला. हा गृहस्थ गेम विकत घेतो, पण खेळत नाही. अपडेटची, म्हणजे पॅचची, वाट बघतो.

इतरांना पडद्यावर राक्षस दिसतो, याला फ्रेम दिसतात. 'विचर ३'मध्ये बाजारातून घोडा पुढे नेतो, मागे आणतो, परत पुढे. "बघ बघ, त्याच वळणावर अडखळला!" आपल्याला शष्प दिसत नाही. मग तो मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टीव्हीचं शूटिंग करतो आणि एकेक फ्रेम बोट लावून मोजतो. सेकंदाला तीस चित्रं, म्हणजे एका चित्राला तेहेतीस मिलिसेकंद. तेवढ्यात यंत्राचं काम उरकलं नाही तर झटका बसणारच. हे सगळं लिफ्टमध्ये, आपला मजला येऊन गेला तरी.

म्हणणं खोटं नाही हो. दांडग्या यंत्रांसाठी लिहिलेला गेम चार जीबी मेमरीच्या स्विच कन्सोलमध्ये कोंबायचा, म्हणजे लग्नाची पंगत ऑफिसच्या डब्यात भरणं. 'विचर ३' ऑक्टोबर २०१९मध्ये तसाच कोंबला होता. फेब्रुवारी २०२०च्या अपडेटने चित्राचा धूसरपणा कमीजास्त करायची सोय दिली, तेव्हा मास्तरने पेढे वाटले. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२०मध्ये पीएस४वर इतका रडला की सोनीने आठवड्याभरात ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. डागडुजी होऊन परत आला तो जून २०२१मध्ये. त्या सहा महिन्यांना मास्तर सुवर्णकाळ म्हणतो. रोज काहीतरी बिघडलेलं, रोज आशा!

"अरे, तो अपडेटचा निळा दांडा सरकेपर्यंत पोह्यांचा दगड होतो," त्याची आई ओरडते. एकदा अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली. मास्तर दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

आता हे खूळ गेमपुरतं राहिलेलं नाही. २५ डिसेंबर २०२५ला आपल्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, अख्खं पनवेल बघायला धावलं. मास्तर म्हणाला, "पहिल्या व्हर्जनला कोण जातं? एकदोन पॅच येऊ देत."

गेमच्या बाबतीत मात्र एक अपवाद. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' ऑगस्ट २०२०मध्ये स्विचवर आला. आपल्याकडचा गेम म्हणून मास्तरने पहिल्याच दिवशी घेतला. २०२२मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली, हिंदी आवाजासकट. शेजारच्या पोराने सुट्टीत तो दोनदा संपवला. मास्तरने अजून पहिलं देऊळ ओलांडलेलं नाही.