कार्डकर्ता

कार्डकर्ता हा मुख्यतः अमेरिकेत आढळणारा, बहुधा मध्यमवयीन, बहुधा पुरुष आणि स्वतःच्या मते संपूर्ण निःपक्षपाती असा गृहस्थ असतो. बेसबॉलचा हंगाम संपला की त्या हंगामातल्या खेळाडूंची, फाशांवर खेळायची कार्डे तो स्वखर्चाने, घरी बसून, कोणी सांगितलेले नसताना तयार करतो. एका कार्डावर एक खेळाडू आणि त्याच्या वर्षभराच्या कामगिरीचे आकड्यांत उतरवलेले माप. फासा टाकला की त्या मापाच्या प्रमाणात होमरन पडतो, नाहीतर गडी बाद होतो. बुक क्रिकेट खेळलेल्या मराठी माणसाला यातले निम्मे सांगायलाच नको; फरक इतकाच, की इथे पान उघडण्याआधी पुस्तक स्वतः लिहावे लागते. या कामाचे पैसे मिळत नाहीत. मागताही येत नाहीत, कारण संघांची चिन्हे आणि खेळाडूंची छायाचित्रे दुसऱ्यांच्या मालकीची असतात. म्हणून कार्डकर्ता कार्डे फुकट वाटतो आणि वर बोलणी खातो.

त्याची वंशावळ बरीच मागे जाते. क्लिफर्ड व्हॅन बीक याने १९३० साली ‘नॅशनल पास्टाइम’ हा कार्डांचा खेळ काढला. त्यावरून स्फूर्ती घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झ याने १९५१ मध्ये ‘ॲपबा’ विकायला सुरुवात केली. त्यात दोन फासे टाकून ११ ते ६६ असा दोन अंकी आकडा वाचतात. ६६ पडला की बॅटरची चांदी. हॅल रिचमन हा न्यूयॉर्ककडचा मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी फासे टाकटाकून शक्यतांचे गणित शिकला आणि १९६१ मध्ये त्याने ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ बाजारात आणला. पुढे त्याने वडिलांकडून कर्ज घेतले, ते ‘धंदा बुडाला तर तुमच्या विम्याच्या व्यवसायात येईन’ या बोलीवर. धंदा तरला आणि अमेरिका एका विमा एजंटाला मुकली. १९८१ साली खेळाडूंचा संप झाला, ऑल-स्टार सामना ठरल्या दिवशी होईना, तेव्हा क्लीव्हलंडच्या रिकाम्या स्टेडियममध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’चे फासे टाकून तो सामना पार पाडण्यात आला. कार्डकर्त्यांच्या दृष्टीने त्या वर्षीचा सर्वांत शिस्तीत झालेला सामना तोच.

आजच्या कार्डकर्त्यांतले पुष्कळजण मात्र एका पोरक्या खेळाचे पालक आहेत. ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने २००० साली ‘एमएलबी शोडाउन’ आणला आणि २००५ च्या संचानंतर बंद केला. कंपनी थांबली, पण बेसबॉल थांबला नाही. दरवर्षी नवे खेळाडू येत राहिले आणि त्यांना कार्ड नव्हते. ही अनवस्था काही गृहस्थांना पाहवली नाही.

‘शोडाउन’ची रीत अशी. २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या कार्डावरचा ‘कंट्रोल’ आकडा मिळवायचा. बेरीज बॅटरच्या ‘ऑन-बेस’ आकड्यापेक्षा जास्त झाली तर पुढचा निकाल पिचरच्या कार्डावर वाचायचा, नाहीतर बॅटरच्या. मग फासा पुन्हा टाकायचा आणि निकाल पाहायचा. रीत सोपी आहे; कार्डकर्त्याचे दुःख त्या २० बाजूंत आहे. फाशाची प्रत्येक बाजू म्हणजे नेमके ५ टक्के आणि खेळाडू काही पाचाच्या पटीत खेळत नाहीत.

२०२४ च्या हंगामातला आरन जज हे याचे चांगले उदाहरण. न्यूयॉर्क यँकीजच्या या धिप्पाड बॅटरने त्या वर्षी ७०४ वेळा बॅट हाती घेऊन ५८ होमरन मारले. त्याला १४ चा ‘ऑन-बेस’ दिला आणि समोरचा पिचर ४ ‘कंट्रोल’चा धरला, तर निम्म्या वेळा निकाल जजच्या कार्डावर येतो. पिचरच्या कार्डावर होमरन जवळजवळ नसतोच, तेव्हा सगळे ५८ जजच्याच कार्डातून निघायला हवेत. त्याच्या कार्डावर होमरनला ३ बाजू दिल्या तर वर्षाला ५३ होमरन होतात आणि ४ दिल्या तर ७०. हव्या असतात सुमारे सव्वातीन बाजू. सव्वातीन बाजूंचा फासा कोणी बनवत नाही. कार्डकर्त्याचा डिसेंबर या पाव बाजूत जातो. घरचे लोक जेवायला हाक मारतात, तो ‘आलोच’ म्हणतो आणि जजचा ‘ऑन-बेस’ १५ करून पाहतो. मग होमरन जमतात, पण वॉक, म्हणजे चेंडू न मारता मिळणारे बेस, फुगतात. वॉक आवरावेत तर सरासरी घसरते. शेवटी तो पहिल्याच आकड्यांवर परत येतो, पण आता विचारपूर्वक.

जजचे एक वेळ निभावते, लुईस अराएझचे निभावत नाही. या गृहस्थाने २०२४ मध्ये ६७२ वेळा बॅट हाती घेतली आणि तो स्ट्राइकआउट झाला फक्त २९ वेळा. कार्डकर्ता त्याच्या कार्डावर स्ट्राइकआउटला एकही बाजू देत नाही. याहून जास्त कोणी काय करणार? पण निम्मे निकाल पिचरच्या कार्डावर लागतात आणि समोर कोण उभा आहे हे त्या कार्डाला ठाऊक नसते. पिचरच्या कार्डावर स्ट्राइकआउटला ५ बाजू असल्या तरी अराएझ वर्षाला ८४ वेळा आडवा होतो. हा दोष मूळ खेळाचा आहे, कार्डकर्त्याचा नव्हे, आणि हे तो न विचारताही सांगतो.

यानंतर येतात तत्त्वाचे प्रश्न. क्लीव्हलंडच्या इमॅन्युएल क्लासे या पिचरच्या नावावर २०२४ च्या नियमित हंगामातल्या ७४ हून अधिक इनिंग्जमध्ये फक्त ५ अर्न्ड रन (पिचरच्या माथी मारल्या जाणाऱ्या धावा) लागले आणि मग बाद फेरीतल्या ८ इनिंग्जमध्ये ८. कार्ड नियमित हंगामाचेच, असा दंडक असल्यामुळे कागदावर क्लासे अभेद्य राहतो. ज्यांनी ती बाद फेरी डोळ्यांनी पाहिली, त्यांना हे कार्ड हातात धरवत नाही. एरवी बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीने त्याच वर्षी ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. ५० आणि ५० चा पल्ला एकाच हंगामात त्याआधी कोणी गाठला नव्हता. पण कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षी त्याने पिचिंग केले नाही आणि क्षेत्ररक्षणही नाही, त्यामुळे त्याच्या कार्डावर क्षेत्ररक्षणाची जागा मोकळी राहते. मोकळी जागा कार्डकर्त्याला बघवत नाही.

डॅनी जॅन्सनच्या कार्डाचा तर स्वतंत्र अध्याय होईल. २६ जून २०२४ रोजी बोस्टनमध्ये तो टोरंटोकडून बॅटिंग करत असताना पावसाने सामना अडवला. सामना २६ ऑगस्टला पुढे सुरू झाला तेव्हा मधल्या काळात जॅन्सनची बोस्टनला रवानगी झालेली होती. त्यामुळे एकाच सामन्यात तो दोन्ही संघांकडून खेळल्याची नोंद झाली. मेजर लीगमध्ये असे आधी कधी घडले नव्हते. त्याचे कार्ड कोणत्या गणवेशात करायचे? एक पंथ म्हणतो, ज्या संघाकडून जास्त सामने खेळला तो. दुसरा म्हणतो, ज्या संघात हंगाम संपला तो. तिसरा दोन कार्डे करतो आणि ती एकमेकांविरुद्ध खेळवून पाहतो. खरा कार्डकर्ता या तिसऱ्या पंथाचा.

आता निःपक्षपातीपणाबद्दल. बॅटिंगचे आकडे सर्वांपुढे असतात, तिथे हात मारता येत नाही. क्षेत्ररक्षणाचे तसे नाही. क्षेत्ररक्षण मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि एकाच खेळाडूबद्दल त्यांचे वरचेवर पटत नाही. कार्डकर्ता प्रस्तावनेत लिहितो की सर्व पद्धतींचा तौलनिक विचार केला आहे. प्रत्यक्षात त्याच्या आवडत्या संघाच्या राखीव शॉर्टस्टॉपबाबत एक पद्धत विचारात घेतली जाते आणि शत्रुसंघाच्या शॉर्टस्टॉपबाबत दुसरी. हे तो जाणूनबुजून करत नाही. अर्ध्या गुणाचा प्रश्न आला की आपल्या माणसाचा अर्धा वर सरकतो आणि परक्याचा खाली, एवढेच. जजसारख्या बड्या खेळाडूचे कार्ड सगळेच तपासतात, म्हणून तिथे तो चोख असतो. त्याचे खरे प्रेम संघाच्या तळाशी वावरणाऱ्या, कोणी विचारत नाही अशा माणसांवर खर्च होते.

याला सणसणीत अपवाद म्हणजे शिकागो व्हाइट सॉक्सचा चाहता. त्या संघाने २०२४ मध्ये १२१ सामने गमावून १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक काळातला विक्रम मोडला. अशा संघाची कार्डे करणारा माणूस कोणावरच मेहरबानी करत नाही. फासा टाकल्यावर संघ प्रत्यक्षात हरला तितकाच हरला पाहिजे, यासाठी तो रात्री जागवतो, आणि सरावाच्या हंगामात संघ ११५ च सामने हरला तर अस्वस्थ होऊन सूत्र पुन्हा तपासतो.

छपाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जाड कागद, घरचा प्रिंटर, गुलाबीकडे झुकलेला लाल रंग, धारदार पाते आणि गोल कोपरे कापायचे छोटे यंत्र. मागची बाजू सरळ छापून मिळत नाही, म्हणून कार्डे प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालतात आणि ती वह्यांत लावून कपाटात ठेवतात.

ही कार्डे खेळली जातात का, हा प्रश्न अडाणी माणूस हमखास विचारतो. एप्रिलमध्ये खेळू, असे उत्तर मिळते. पण तोवर नवा हंगाम सुरू झालेला असतो, नवे आकडे येऊ लागलेले असतात आणि जुन्या संचात दुरुस्त्यांची यादी निघालेली असते. क्वचित एखादा शेजारी खेळायला बसलाच, तर तिसऱ्या इनिंगला यजमान फासा हातात धरून कार्डाकडे बघत राहतो आणि ‘याला एक सिंगल जास्त दिला गेलाय’ म्हणत उठून आत जातो. सामना तिथेच संपतो.

अशा गृहस्थाकडे हिवाळ्यात जाण्याचा योग आलाच, तर वाचकाने जजबद्दल वाटेल ते बोलावे, क्लासेवर हवा तेवढा वाद घालावा. यजमानाच्या संघातल्या राखीव शॉर्टस्टॉपला क्षेत्ररक्षणाचे जे गुण मिळाले आहेत, त्यांच्याबद्दल मात्र चकार शब्द काढू नये.