दीडशे घोडे आणि तणसाचा ट्रॅक्टर

साडूंची नवी व्हर्टस जीटी पुण्याहून आली ती थेट चंद्रपूर-मूल रस्त्याला लागली. दीड लिटरचं टर्बो इंजिन, दीडशे अश्वशक्ती, सात गिअर. क्लच दोन, पण दोन्ही गाडीच्या पोटात. पायाशी एकही नाही. स्टिअरिंगमागे दोन पाकळ्या: डावी ओढली की गिअर खाली, उजवी ओढली की वर. लोहाऱ्याच्या जंगलात, ‘वाहने सावकाश चालवा’च्या पाट्यांखालून सावकाशच जाताना साडू दोन्ही पाकळ्या पेटी वाजवावी तशा वाजवत होते. वेग चाळीसचा, डरकाळी दीडशेची. एखादा वाघ जवळपास असलाच, तर हद्द बदलून गेला असेल.

मागे मामासासरे. हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेली. मूलपर्यंत ते बोलले नाहीत, हीच मोठी टीका होती.

मूल सोडलं आणि पुढे तणसाचा ट्रॅक्टर आला. खाली चाकं, वर घराएवढं धानाचं तणस, दोन्ही अंगांनी लोंबणारं. साडूंनी ॲक्सिलरेटर दाबला. चौथ्या गिअरात पेंगणारी गाडी क्षणभर विचारात पडली, मग दुसऱ्यावर उडी घेऊन गरजली. तोवर समोरून लालपरी. आम्ही पुन्हा तणसामागे, काचेवर भुसा.

“जवाईबापू,” मामा म्हणाले, “गाडीले तुमचा पाय दिसते, समोरचा तनीस नाही दिसत. ओवरटेक माराच्या आंधीच गेअर खाली पाडून ठेवा ना जी!”

साडूंनी डावी पाकळी ओढली, इंजिन ताणून धरलं, वाट मोकळी दिसताच पाय दाबला. ट्रॅक्टर मागे गेला.

मग मामांची जीभ सुटली. वळणाच्या आधी गिअर उतरवायचा, वळणात नाही. उतारावर ब्रेक तापवण्यापेक्षा इंजिनाला गाडी धरू द्यायची. “बाकी टायमाले तिचं तिले करू द्या.” सावली गावात शिरताना साडूंनी साठच्या वेगात थेट पहिला गिअर मागितला. गाडीने साफ नकार दिला. मामांना ती तेव्हा पहिल्यांदा आवडली.

गांधी सेवा संघाच्या बैठकीला 1936 साली गांधीजी ज्या खादीच्या सावलीत आले, तिथे साडू अश्वशक्तीवर व्याख्यान देत होते. पोरं मात्र हॉर्न वाजवून पाहत होती.

चहानंतर मामांनी किल्ली मागितली. व्याहाडच्या दिशेने शंभर पावलं नीट गेली. मग सवयीने डावा पाय क्लच शोधायला निघाला आणि रुंद ब्रेकवर दणकून पडला. साडूंचा चष्मा डॅशबोर्डवर, मी त्यांच्या सीटच्या पाठीवर.

“सात गेअर देल्ले, दोन क्लच देल्ले,” मामा संतापले, “अन् पायाले एकबी नाही ठेवला?”