काटकसरीचं गोदाम

मराठी माणसाला खर्चात पाडायचं असेल तर त्याला चैनीचं आमिष दाखवून काडीचा उपयोग होत नाही. झगमगत्या दालनासमोरून तो मान ताठ ठेवून निघून जातो आणि "एवढे पैसे घालायला वेड लागलंय का?" असं घरी येऊन चौघांना ऐकवतो. त्याच्यावर एकच मात्रा चालते. त्याला सांगायचं, यात तुमचे पैसे वाचतात. मग तो नको असलेली वस्तू घेतो, एकीच्या जागी बारा घेतो आणि बिल चुकवताना त्याच्या चेहऱ्यावर खर्चाची खंत नसते, मोहीम फत्ते केल्याचं तेज असतं.

ही मात्रा मराठी माणसापुरतीच आहे असा आमचा कैक वर्षं समज होता. अमेरिकेतल्या कॉस्टकोने तो खोटा ठरवला. सगळ्या जगातला मध्यमवर्ग मनाने सदाशिव पेठेतच राहतो, हे त्या कंपनीने चार दशकांपूर्वीच ताडलं होतं.

ज्यांचं अपत्य, भाचा किंवा निदान शेजाऱ्याचा मुलगा अमेरिकेत नाही अशा दुर्मीळ वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. कॉस्टको हे दुकान नव्हे, गोदाम. उंच छत, सिमेंटची जमीन, लाकडी फळ्यांवर रचलेले खोक्यांचे डोंगर. सजावट शून्य. पिशवी मिळत नाही. सामान रिकाम्या खोक्यात भरायचं नाही तर तसंच गाडीत लोटायचं. या पद्धतीचे मूळपुरुष सोल प्राइस. त्यांनी १९७६ साली सॅन डिएगोत विमानं ठेवायच्या जुन्या शेडमध्ये 'प्राइस क्लब' काढला. १९८३ मध्ये जिम सिनेगल आणि जेफ ब्रॉटमन यांनी सिएटलमध्ये कॉस्टको सुरू केलं आणि १९९३ मध्ये दोन्ही घराणी एक झाली. सुरुवातच विमानाच्या शेडमध्ये झाल्यामुळे की काय, केचपच्या बाटलीचं मापही तेव्हापासून विमानाला साजेसंच राहिलं आहे.

आत जायचं तर आधी वर्गणी. सप्टेंबर २०२४ पासून साधी वर्गणी वर्षाला ६५ डॉलर आणि वरच्या दर्जाची १३०. आपल्याकडे एखाद्या वाण्याने "आत यायचे आधी पैसे द्या" असं म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानावर मोर्चा गेला असता. इथे लोक कार्डावर स्वतःचा काळपट फोटो काढून घेतात आणि ते पाकिटात वाहन परवान्याच्या वरच्या कप्प्यात ठेवतात.

वरच्या दर्जाच्या वर्गणीवर वर्षभरातल्या खरेदीचे दोन टक्के परत मिळतात. परिचयातल्या एका जावईबापूंनी याचा तक्ता मांडला आहे. जादा भरलेले ६५ डॉलर वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी. ऑक्टोबरात त्यांच्या लक्षात आलं की गाडी २,९०० वर अडली आहे. साडेतीनशेची खरेदी कमी पडत होती. सात डॉलर बुडू नयेत म्हणून त्यांनी साडेतीनशे डॉलरची बागेतली टेबल-खुर्ची आणली. त्यांना बाग नाही. टेबल गॅरेजात आहे आणि गाडी रस्त्यावर.

गंमत म्हणजे कंपनी मालावर फार कमावत नाही. नामांकित मालावर साधारण १४ टक्के आणि कर्कलंड या स्वतःच्या छापावर १५ टक्के, याहून जास्त भाव चढवायचा नाही असा तिचा जुना दंडक आहे. मग पैसा येतो कुठून? २०२४ च्या आर्थिक वर्षात नुसत्या वर्गणीचे ४.८ अब्ज डॉलर जमले. निव्वळ नफा होता ७.४ अब्ज. म्हणजे बदाम, टायर, टीव्ही हे सारं निमित्त. खरा विकला जाणारा माल म्हणजे आपण व्यवहारी आहोत याचं प्रमाणपत्र. ते वर्षभरच टिकतं. अमेरिका आणि कॅनडात दहातले नऊ सभासद ते नव्याने विकत घेतात.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही, की काय कुठे आहे हे सांगणाऱ्या पाट्याच नाहीत. मिठाच्या शोधात निघालेला माणूस गाद्या, गिटार आणि गाडीच्या बॅटऱ्या पाहून मिठापर्यंत पोचतो, तोवर ढकलगाडीत गादी असते. सुपरमार्केटात तीसेक हजार जिनसा असतात, इथे जेमतेम चार हजार. प्रत्येकीत एक-दोनच प्रकार. जो आहे तो घ्या. आपल्या रेशनच्या दुकानातही निवड नव्हती, पण आपण अडाणी, त्याला टंचाई म्हणत होतो.

जिनसा मात्र पाळण्यापासून सरणापर्यंतच्या आहेत. बाळाचे डायपर आहेत, २०२३ पासून एक औंसाच्या सोन्याच्या चिपा आहेत आणि कंपनीच्या संकेतस्थळावर शवपेट्याही विकल्या गेल्या आहेत. शवपेटी एकेकटी मिळते, सहाच्या जुडग्यात नाही, ही कंपनीची माणुसकीच म्हणायची. भावाच्या पाटीवर वरच्या कोपऱ्यात बारीक चांदणी असेल तर तो माल पुन्हा येणार नाही, आणि भावाच्या शेवटी ९७ सेंट असतील तर तो उतरवलेला, असं जाणकार सांगतात. ज्या घरात पत्रिकेतला मंगळ कोणालाच मानायचा नसतो, त्या घरात या चांदणीवर मात्र अढळ श्रद्धा असते.

आता शनिवारची, कॅलिफोर्नियातली सनीवेल शाखा. डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा ढकलगाडी धरून उभे आहेत. गाडी त्यांच्या छातीपर्यंत येते. सून बदामांसमोर थांबते. तीन पाउंडांची पिशवी, म्हणजे आपला १ किलो ३६० ग्रॅम.

"बाबा, बदाम घ्यायचे?"

"अगं, घरात दोन पिशव्या पडल्यात."

"आज चार डॉलर उतरलेत."

बाबा चष्मा कपाळावर चढवतात, पाटीला नाक लावून आकडा वाचतात, ओठातल्या ओठात त्र्याऐंशीने, मग पंच्याऐंशीने गुणतात आणि मिनिटभराने म्हणतात, "मग चार घे. दोन तुमच्या आत्याला नेतो."

"बॅगेत बसतील?"

"माझे स्वेटर इथेच राहू देत."

आता या बदामांचा प्रवास पाहा. जगातल्या बदामांपैकी सुमारे ८० टक्के कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक भारत. डोंबिवलीतला वाणीही कॅलिफोर्नियाचेच बदाम विकतो. ते बिचारे जहाजाने येतात. आत्याचे बदाम बाबांचे स्वेटर हुसकून विमानाने येतात आणि आत्या शेजारणीला सांगते, "अमेरिकेचे आहेत हो, तिकडची चवच वेगळी."

पण कॉस्टकोचं काही मराठी घरांत मनापासून आवडतं, तर ते लोणी. बिनमिठाचं, पाउंड-पाउंडाचे चार ठोकळे. रविवारी सकाळी ते जाड बुडाच्या पातेल्यात चढतं. आधी पांढरा फेस, मग तडतड, मग तडतड मंदावते आणि घरभर वास सुटतो. या नेमक्या क्षणी मुलगा छतावरच्या धुराच्या घंटेखाली टॉवेल हलवत उभा असतो, कारण ती वाजली तर अख्खी इमारत खाली उतरते. तूप गाळल्यावर तळाला उरलेली बेरी साखर घालून कोणी खायची यावर नातवंडांत नव्हे, बाबा आणि मुलात भांडण होतं. हे तूप खरोखर रवाळ आणि उत्तम होतं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ज्यांना डॉक्टरांनी दिवसाला एक चमचा सांगितलाय, त्यांच्या घरात पावणेदोन किलो लोणी एकरकमी कढतं.

जठराग्नी शमवायला बाहेरच्या बाजूला खाण्याचा ठेला आहे. तिथला हॉट डॉग आणि पेयाचा पेला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दीड डॉलरलाच मिळतो. मधल्या काळात घरं, शाळा, दवाखाने सगळं कैक पटींनी महागलं. अमेरिकेत एकच वचन पाळलं गेलं आणि ते सॉसेजबद्दलचं. भाव वाढवावा असं नंतरच्या मुख्याधिकाऱ्याने सुचवलं तेव्हा संस्थापक सिनेगल यांनी त्याला शिवी हासडून जिवे मारण्याची धमकी दिली, असं त्या अधिकाऱ्यानेच जाहीरपणे सांगितलं आहे. कंपनीने मग स्वतःचे सॉसेजचे कारखाने काढले, पण भाव हलू दिला नाही. आपल्या शाकाहारी मंडळींसाठी १.९९ डॉलरचा चीज पिझ्झ्याचा तुकडा आहे. तो ताटाएवढा असतो, पण सपक. म्हणून अनुभवी सुना पर्समध्ये लसणीच्या चटणीची डबी बाळगतात.

४.९९ डॉलरची अख्खी भाजलेली कोंबडी ही दुसरी दंतकथा. तिच्यासाठी कंपनीने २०१९ मध्ये नेब्रास्कात स्वतःचा कोंबड्यांचा कारखाना उभारला. एवढी स्वस्त कोंबडी दारापाशी ठेवतील का? ती सगळ्यात मागे. पाच डॉलरच्या कोंबडीपर्यंत जाताना माणूस दोनशे डॉलरचा होऊन जातो.

फुकट नमुन्यांबद्दल लिहायचं टाळणार होतो, पण प्रश्न अस्मितेचा आहे. जाळीची टोपी घातलेल्या बाई कागदी कपात घासभर पदार्थ देतात. फुकटचं खाताना संकोच वाटू नये म्हणून आपण गंभीर चेहऱ्याने विचारतो, "यात अंडं आहे का?" त्या नाही म्हणतात. आपण चघळत, डबा हातात घेऊन मागचा मजकूर वाचतो, सोडियम पाहून मान हलवतो आणि डबा जागेवर ठेवून पुढच्या टेबलाकडे सरकतो. शास्त्रीय पाहणी म्हणून. दहा मिनिटांनी त्याच टेबलाशी आपले बाबा "यात अंडं आहे का?" विचारताना दिसतात.

घाऊक खरेदीचा शोध अमेरिकेने लावला, असं मात्र कोणी आम्हाला सांगू नये. वर्षाचे गहू-तांदूळ उन्हाळ्यात भरून कडधान्याला एरंडेल चोळणाऱ्या आज्या आपल्याच. आणि मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून जे केलं, ते याच विद्येचं शहाणं रूप. आसपासच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल कोणाच्या तरी घरी उतरवून घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून न्यायचा. सतरंजीवर तांदूळ, डाळ, साबण मांडले जायचे, याद्या ताडून पाहिल्या जायच्या आणि जाता जाता कोणाच्या मुलीचं लग्नही जमायचं. घाऊक भाव सगळ्यांना, ओझं कोणा एकालाच नाही. कॉस्टकोने यातला भाव ठेवला आणि शेजारी काढून टाकला. पाच डझन अंडी, तीस गुंडाळ्या टिशू आणि डबाभर पालक आता तीन माणसांच्या घरात एकटेच जातात. तिसऱ्या दिवशी घरात पालक-पनीर, चौथ्या दिवशी पालकाचे पराठे, पाचव्या दिवशी ताकातला पालक. सहाव्या दिवशी नातू जेवायला मित्राकडे जातो. तिथेही पालक असतो, कारण त्याची आईही शनिवारी तिथेच गेलेली असते.

नकोसं झालं तर परत करता येतं, ही या संसाराची शेवटची खुंटी. टीव्ही-संगणकांना ९० दिवसांची मुदत आहे, बाकी बहुतेक गोष्टी केव्हाही. नाताळ उलटल्यावर वाळकं झाड परत घेऊन जाणारे महाभाग निघाल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी छापल्या आहेत. आपली माणसं असं करत नाहीत. आपण झाड घेतच नाही. आपण जानेवारीत जाऊन ते उतरलेल्या भावात मिळतंय का ते पाहतो.

आमचा निकाल असा. कॉस्टकोने कोणालाही फसवलेलं नाही. भाव रास्त, वजन चोख, माल चांगला. फसवायचं काम आपलं आपण करतो, आणि तेही वर्गणी भरून. तेव्हा सभासद बंधू-भगिनींना एकच विनंती आहे. पुढच्या शनिवारी जाताना यादी नेऊ नका, ती तुम्ही पाळणार नाहीच. शेजारी न्या. अर्धे बदाम त्याला द्या, दोन ठोकळे लोणी त्याला द्या आणि पालक तर सगळाच द्या. वर्गणीचा अर्धा वाटा तेवढा मागू नका. शहाणे असण्याचे पैसे ज्याचे त्यानेच भरायचे असतात.