पाहुण्यांना मुंबई दाखवताना यजमानाने घ्यावयाची खबरदारी

मुंबईत राहणारा माणूस आपण होऊन संग्रहालयात जात नाही. त्याला नेले जाते. आधी शाळेच्या बाई नेतात, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावून. त्यानंतर थेट पाहुणे. मधली वीस-पंचवीस वर्षे तो त्या इमारतींसमोरून फक्त बसने जातो. मग एखाद्या मे महिन्यात गावाहून फोन येतो, "पोरांना सुट्ट्या लागल्यात, म्हटलं जरा मुंबई दाखवावी," आणि जे आपण स्वतः पाहिलेले नाही ते दुसऱ्याला दाखवण्याची जबाबदारी यजमानाच्या गळ्यात पडते. या कामाचे प्रशिक्षण कोणतेही विद्यापीठ देत नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम पाहुणा ओळखावा. पोरांचे काही नसते. त्यांना जिना दिसला तरी मुंबई पाहिल्यासारखे होते. मावशी आणि काकूंना सावली, बाकडे आणि चहा एवढे मिळाले की त्या सगळ्याला "छान आहे हो" म्हणतात. जपायचे ते निवृत्त शिक्षकाला. हा गृहस्थ प्रत्येक पाटी वाचतो. मोठ्याने वाचतो. इंग्रजी पाटी असेल तर चष्मा बदलून वाचतो आणि मराठी असेल तर तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो. असा पाहुणा (गावात ते गुरुजी, आपले मामा) घरी उतरला असेल तर आदल्या रात्री थोडा अभ्यास करण्यावाचून इलाज नाही. "इंग्रजांच्या काळातलं आहे, मामा" हे उत्तर फोर्टातल्या जवळपास कोणत्याही इमारतीला चालते. पण ते सरसकट वापरायची सवय लागली की एखाद्या बुद्धमूर्तीसमोरही तोंडातून निघून जाते.

सुरुवात राणीच्या बागेपासून करावी. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, परंतु भायखळा स्टेशनाच्या पूर्वेला उतरून अधिकृत नावाने पत्ता विचारल्यास वेळ जातो. पश्चिम रेल्वेवर राहणाऱ्यांनी दादरला गाडी बदलताना पाहुणे मोजावेत, एकदा पूल चढण्याआधी आणि एकदा उतरल्यावर. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढची गाडी पकडू नये.

आत शिरताच पोरे पेंग्विनकडे धावतील. धावू द्यावे. तिथे गारवा असतो, आणि मे महिन्यात यजमानालाही त्याची गरज असते. काचेपुढे उभे राहून मामा विचारतील, "अरे, यांचा बर्फ कुठाय?" आपला अभ्यास इथे बाहेर काढावा. हे हम्बोल्ट पेंग्विन. बर्फातले नव्हेतच, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली सोलहून मुंबईत आले आणि पुढच्या वर्षी लोकांना पाहायला मिळाले. "मग एसी कशाला?" हा प्रश्न येणारच. तिकडच्या समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्या पाण्याची त्यांना सवय, असे सांगून टाकावे. मामांचे तेवढ्यावर समाधान झाले नाही, तर इथे जन्मलेल्या पिलांना मराठी नावे द्यावीत म्हणून २०२५ साली आंदोलन झाल्याची बातमी सोडावी. पुढची पंधरा मिनिटे मामा नावे सुचवण्यात गुंतलेले राहतात आणि आपल्याला शांतपणे एसीत उभे राहता येते.

वाघ दिसेल याची हमी कोणालाही देऊ नये. दुपारी बारा वाजता वाघ तेच करतो जे आपणही रविवारी घरी केले असते.

प्राणी मोजून बागेची किंमत ठरवणे हा पाहुण्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. त्यावर वाद घालू नये. तरी १८६२ सालची ही मुळात झाडांची बाग आहे, आणि यजमानाने एका तरी झाडाकडे बोट दाखवल्यास त्याची प्रतिष्ठा वाढते. आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, उर्वशी आहे. पण भरवशाचा कैलासपतीच. त्याची फुले फांद्यांच्या टोकाला न येता थेट बुंध्यावर लोंबणाऱ्या जाड दोऱ्यांसारख्या डहाळ्यांवर येतात, आणि शेजारीच तोफगोळ्याएवढी तपकिरी फळे टांगलेली असतात. खाली पडलेले फूल उचलून मावशींच्या हातावर ठेवावे. मांसल, गुलाबी-लाल पाकळ्या, मध्ये बारीक पिंड आणि तिच्यावर वाकलेला केसरांचा फणा. मावशी आधी वास घेतील, मग डोळे मिटून कपाळाला लावतील आणि फूल रुमालात बांधतील. या क्षणापासून पुढचे सर्व कार्यक्रम मावशींच्या दृष्टीने जादाचे असतात. यजमानाने झाडाखाली, म्हणजे त्या फळांच्या बरोबर खाली, फार वेळ उभे राहू नये.

आता त्याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दाराशी काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे. पोरे त्याच्यासमोर फोटो काढतील आणि मामा नेमका तोच प्रश्न विचारतील, ज्याचे उत्तर आपल्याला शाळेपासून येत नाही.

"हा कुठला रे?"

हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ साली साहेबाने तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे बागेत आणले गेले आणि १९१४ साली जोडून उभे करण्यात आले. जवळ गेल्यास सांधे दिसतात. ही हकिगत दोनदा सांगावी, कारण तिचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. "मामा, घारापुरीचा हत्ती तर इथंच आहे" असे एकदा पटवून दिले की भर उन्हात लाँचने बेटावर जाऊन पायऱ्या चढण्याचा प्रस्ताव मागे पडण्याची शक्यता असते. मामांना महेशमूर्तीची आठवण असेल तर मात्र उपाय नाही, लाँचचे पैसे सुटे ठेवावेत.

संग्रहालय ज्यांच्या नावाचे, ते भाऊ दाजी १८२२ साली गोव्यात जन्मले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांपैकी ते एक. रोगी तपासून उरलेल्या वेळात जुने शिलालेख वाचायचे आणि या संग्रहालयासाठी वर्गणी गोळा करायचे. इमारत १८७२ साली लोकांसाठी उघडली, पण व्हिक्टोरिया आणि आल्बर्टच्या नावाने. ज्याने पैसे जमवले त्याचे नाव लागायला १९७५ उजाडले. मामांना ही गोष्ट सांगताना आवाजात किंचित चीड आणावी. निवृत्त शिक्षकांना ती आवडते आणि आपण पूर्वीपासून भाऊ दाजींचे अभ्यासक आहोत असा समजही होतो.

आत गेल्यावर पाहुणे छताकडे बघतात. हिरवा, सोनेरी, नक्षीचा सगळा थाट आहे, मान दुखेपर्यंत बघू द्यावा. पण खरी अडचण कपाटांपाशी होते. तिथे मातीची लहान लहान माणसे आहेत: नाना धंद्यांची, नाना जातीजमातींची, आणि शिवाय नुसती डोकी, प्रत्येकावर वेगळी पगडी किंवा पागोटे. मामा या काचेला नाक लावतात आणि हलत नाहीत. "आमच्या आजोबांची हीच. ही नाही, ही. हिचा कोन बघ." एरवी पाटी वाचून पुढे सरकणारा माणूस इथे पाटी विसरतो. यजमानाने अशा वेळी घड्याळाकडे पाहावे, पण ते मामांना दिसणार नाही अशा बेताने पाहावे. पोरांना बाहेर सोडावे. पुढचे दोन कार्यक्रम मनातल्या मनात रद्द करावेत.

(हे रद्द करणे म्हणजे या मार्गदर्शनाचे अपयश असे काही वाचकांना वाटेल. माझे मत उलट आहे. दिवसात पाच ठिकाणे उरकणारे यजमान मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या पाहुण्यांना गावी परतल्यावर फक्त टॅक्सीचे भाडे आठवते.)

बाहेर पडताना मागच्या अंगाला जुने पुतळे आहेत, तिकडे एक फेरी मारावी. १९६५ साली शहरातल्या चौकांतून काढलेले साहेब इथे येऊन राहिले आहेत. त्यांतच घोड्यावर बसलेला एक आहे. मामांना तो आत्ता दाखवून ठेवावा, कारण दुपारी फोर्टात उपयोग होतो. काळा घोडा चौकात पोचल्यावर ते घोडा शोधतात, आणि तिथला घोडा २०१७ साली बसवलेला, पाठीवर कोणी नसलेला. "यावरचा माणूस कुठं गेला?" असे विचारताच यजमानाने सहज सुरात म्हणावे, "सकाळी भेटलो ना त्याला, सातवा एडवर्ड. घोड्यासकट भायखळ्याला असतो." एवढ्या एका वाक्यासाठी सकाळची पायपीट वसूल होते.

समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आधी इमारत बाहेरून दाखवावी: घुमटात विजापूरच्या गोल घुमटाची आठवण, दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. आपण मालाडला राहत असल्यास "आमच्याकडचा दगड" असे म्हणण्यास हरकत नाही. जॉर्ज विटेट हा इथला वास्तुशिल्पी, गेटवेही त्याचेच. पायाभरणी १९०५ साली युवराजाच्या हस्ते झाली. संग्रहालय उघडले १९२२ च्या जानेवारीत, तोवर युवराजाचा राजा होऊन अकरा वर्षे उलटली होती, आणि मधल्या महायुद्धात इमारतीचे लष्करी इस्पितळ होऊन गेले होते. रस्त्यावरचे पत्रे आणि खड्डे पाहून पाहुणे मुंबईच्या रखडलेल्या कामांबद्दल बोलू लागले की ही तारीख पुढे करावी. रखडवण्याची परंपरा आपली एकट्याची नाही, हे पाहुण्यांना कळलेले बरे.

आत फार आहे. टाटा बंधूंनी जमवलेली चित्रे आणि वस्तू, लघुचित्रे, सिंधमधल्या मीरपूर खासच्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती, अकबराचे चिलखत. सगळे दाखवायला गेलात तर तिसऱ्या दालनात काकू बाकडे गाठतात आणि तिथून संग्रहालय बंद होईपर्यंत उठत नाहीत. एक दालन निवडावे. पोरे बरोबर असतील तर पेंढा भरलेल्या प्राण्यांचे. इथला वाघ हलत नाही, पण राणीच्या बागेतल्यापेक्षा नीट दिसतो.

मलबार हिलसाठी संध्याकाळ राखावी. हँगिंग गार्डनमध्ये लटकलेले काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवावे म्हणजे निराशा होत नाही. कुंपणाची झुडपे प्राण्यांच्या आकारात कापलेली आहेत आणि खाली पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे. "तुम्ही दक्षिण मुंबईच्या पाण्यावर उभे आहात, मामा" म्हटले की ते दोन पावले मागे सरकतात. समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. कोणती म्हातारी, असे मावशी विचारतील. इंग्रजी बालगीतातली, फार पोरे असलेली, बुटातच राहायची. "एवढ्या पोरांना घेऊन बुटात?" म्हणून मावशी हळहळतात, आणि मग आपल्या वन-बीएचकेमध्ये आज रात्री गाद्या कशा घालायच्या या विषयावर येतात.

बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तिथली शंभरावर कान्हेरीची लेणी हिवाळ्यासाठी शिल्लक ठेवावीत. माहीमचे निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभे केलेले आहे. एवढे ऐकूनच मामांना तिथे जायचे असते, त्यांना एकट्याने जाऊ द्यावे. पत्ता कागदावर लिहून द्यावा.

आणि घरातून निघण्याआधी कॅलेंडर बघा. राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मात्र बाग उघडी असते, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद.