अल्टोस्वार सुधारकांस खुले पत्र

प्रति,
पांढऱ्या अल्टोचे मालक,
बी विंग पार्किंग, पुणे.

विषय : 796 सीसीच्या मोटारीस शर्यतीच्या गाडीचा दर्जा बहाल केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गाडीचे नवे रूप पाहून सर्व विंगांच्या वतीने अभिनंदन करावे, म्हणून हे पत्र. अल्टो 800 ला 145/80 आर 12 मापाची चाके, 160 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आणि मऊ स्प्रिंगा का दिल्या असतील, हा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही, हेच मोठे. नाना पेठेतले सामान, ओळखीच्या गॅरेजवाल्याचा ग्राइंडर आणि एक रविवार एवढ्या भांडवलावर आपण कंपनीची चूक दुरुस्त केलीत. आता गाडीला ‘रोडग्रिप’ आली, असे आपण वॉचमनला सांगत होता. वॉचमन सायकलवर येतो. त्याने मान डोलावली.

चाकांपासून सुरुवात करू. कुठल्याशा मोठ्या गाडीवरून उतरलेली 185/60 आर 14 ची मॅगव्हील्स आपण टायरसकट मिळवलीत. मूळ चाकाचा व्यास सुमारे 537 मिलिमीटर, आपल्या चाकाचा 578. साडेसात टक्के वाढ! मीटरचा काटा पूर्वीसारखाच 60 वर असतो आणि गाडी मात्र पूर्वीपेक्षा साडेचार किलोमीटर जास्त वेगाने पळते. वेग वाढवायला इंजिनाला हातही लावावा लागला नाही. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणजे विकायच्या वेळी गाडी ‘कमी चाललेली’ ठरणार. उणे एवढेच, की चाक वाढले तसा प्रत्येक गिअरही लांबला. 48 हॉर्सपॉवरचे इंजिन जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये कसाबसा ओढायचे, तिथे आता पहिला टाकावा लागतो. त्यामुळे कात्रजच्या घाटात मागच्या लोकांना आपला नवा स्पॉयलर निवांत न्याहाळता येतो. आपले मॉडेल पॉवर स्टेअरिंग नसलेले. तेव्हा पार्किंग करताना खांद्यांचा व्यायाम होतो, तो वेगळाच.

मग स्प्रिंगा. बाजारात खास बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा मिळतात, पण आपण आहेत त्याच स्प्रिंगांची दोन-दोन वेटोळी कापून काम भागवलेत. वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग कडक होते, हे खरे. पण शॉकअप जुनेच राहिले. ते मूळ मऊ स्प्रिंगला आवरण्यासाठी बनवलेले. कडक स्प्रिंग उसळली की त्यांच्याने आवरत नाही. त्यांची खाली दबण्याची जागाही आपण कापलेल्या पोलादाबरोबर गेली. म्हणून जरा मोठा खड्डा आला, की सस्पेन्शन थेट रबरी ठोकळ्यावर आदळते आणि चाक क्षणभर रस्ता सोडते. वळणावर रस्ता सोडलेल्या चाकाची ग्रिप किती असते, हे गणित आपल्याला सांगायची माझी हिंमत नाही.

गेटजवळच्या गतिरोधकावर रोज संध्याकाळी जे घडते, ते तर पाहण्यासारखे. आधी आपल्या मातोश्री पिशवी सावरत उतरतात, पाठोपाठ काकू उतरतात. मग आपण गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवता. तरी मधोमध ‘खर्र’ होतेच. पलीकडे गेल्यावर दोघी पुन्हा बसतात. गाडीचे वजन कमी केल्याने हँडलिंग सुधारते, हा शर्यतीतला पहिला धडा आपण एवढ्या काटेकोरपणे पाळाल, असे वाटले नव्हते.

गाडी खाली आली म्हणजे वळणावर कमी झुकणार, असा आपला हिशेब. पण अल्टोच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहेत. गाडी फार खाली बसवली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलले जातात आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांमधले अंतर वाढते आणि झुकवणारा जोर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. तो पुन्हा कडक स्प्रिंगने दाबायचा. म्हणजे दुखणेही आपलेच आणि औषधही आपलेच.

लाल रंगाचा स्ट्रट बार मात्र शोभून दिसतो. रविवारी सकाळी दोन तास बॉनेट उघडे का असते, याचा उलगडा आता सर्वांना झाला आहे.

छोट्या गाडीला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. विलायतेत 1959 साली मिनी आली, तीही काटकसरीचीच गाडी होती आणि तिची चाके अवघी 10 इंची होती. जॉन कूपर यांना तिच्यात शर्यतीची गाडी दिसली. 1961 च्या मिनी कूपरमध्ये इंजिन वाढले, तसे पुढे डिस्क ब्रेकही आले. त्याच घराण्यातल्या कूपर एसने 1964 साली पॅडी हॉपकर्क यांच्या हातून माँटे कार्लो रॅली मारली. 1966 मध्ये पहिले तिन्ही क्रमांक मिनींनी पटकावले आणि तिन्ही बाद झाल्या. कारण काय, तर हेडलाइट नियमात बसत नव्हते. आपल्या गाडीचे निळसर दिवे समोरून येताना पाहिले, की मला त्या परीक्षकांची आठवण होते.

आता, आपल्या तज्ज्ञ नजरेतून सुटलेल्या काही किरकोळ बाबी. आपली गाडी माझ्या गाडीच्या शेजारीच उभी असते, म्हणून दिसल्या. पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवर 1416 हे आकडे कोरलेले आहेत. म्हणजे टायर 2016 च्या चौदाव्या आठवड्यातला. नखाने दाबून पाहिले तरी रबर दबत नाही. त्याची आतली कड गुळगुळीत झाली आहे, कारण गाडी खाली केल्यावर व्हील अलाइनमेंट करायचे राहून गेले. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे. लोअर आर्मच्या बुशला चीर गेली आहे, म्हणून ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. आपण त्याचा दोष रस्त्याला देता. नाचता येईना, अंगण वाकडे!

गाडी वळते, ती चार टायर जमिनीला टेकतात त्या तळहाताएवढ्या चार जागांवर. बाकीचा सगळा सांगाडा त्या जागा जमिनीवर टेकलेल्या राहाव्यात म्हणून राबत असतो. त्यासाठी ताजे टायर, कंपनीने सांगितलेली हवा, नवे शॉकअप, नवे बुश, अलाइनमेंट आणि दर दोन वर्षांनी बदललेले ब्रेक ऑइल पुरते. रुंद टायरची हौसच असेल, तर अल्टोच्याच के10 भावंडाला कंपनीने 155/65 आर 13 दिले होते; व्यासातला फरक अवघा एक टक्का. जेमतेम पाऊण टनाची गाडी एवढ्याने घाटात अशी वळते, की मोठ्या गाड्यांच्या मालकांनी बघत राहावे. या साऱ्याचा खर्च आपल्या दिव्यांच्या, स्पॉयलरच्या आणि मॅगव्हील्सच्या बिलात आरामात बसला असता. अडचण एकच : हे सगळे केल्यावर गाडी बाहेरून होती तशीच दिसते, आणि बुश बघायला बॉनेटभोवती कोणी जमत नाही.

जाता जाता कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दंड गाडीमागे नसून बदलामागे आहे. आपल्या गाडीतले कोणते बदल त्यात बसतात ते आरटीओ ठरवील. पण एवढ्या उत्साहाने केलेल्या कामाची कोणीतरी एकेक करून नोंद घेईल, याचे समाधान मानावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शेजारच्या पार्किंगमधला, मूळ मापाच्या चाकांचा एक गाडीवाला

ता. क. : डिकीतली स्टेपनी अजून कंपनीची 12 इंचीच आहे, असे समजते. ती बदलू नका. कधी पंक्चर झालेच, तर निदान एक चाक तरी हिशेबाने चालेल.