गडग्याची दुसरी बाजू

"तारीख लागली काय रे?"

गडग्यासमोर उकिडवा बसून, एक डोळा मिटून मी कॅमेऱ्यात बघत होतो, तेवढ्यात मागून प्रश्न आला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक काकी पाखाडीवर थांबल्या होत्या.

"नाही काकी, सहज. फोटो काढतोय."

"गडग्याचा?"

"गडग्याचा."

त्यांनी गडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गडग्याकडे. "सहज कोण गडग्याचे फोटो काढतं होय? मोजणी आणतोयस तर तसं सांग की." आणि भारा सावरत त्या निघून गेल्या. दिवेलागणीपर्यंत वाडीत बातमी पोचली होती की मुंबईहून परत आलेल्याने हद्दीचं प्रकरण पुन्हा उकरून काढलं आहे.

चूक काकींची नव्हती. रत्नागिरीकडे माणूस फोटो काढतो तो लग्नात, गणपतीत आणि दाव्यात. पैकी कुंपणाचा फोटो फक्त तिसऱ्या प्रसंगी काढतात. ज्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावं एका पानावर मावत नाहीत, तिथे कोणी दगडांच्या रांगेपुढे गुडघे टेकून बसला, तर तो सौंदर्य शोधतोय असं कोण म्हणेल? पुरावा शोधतोय असंच म्हणतील.

आता माझी बाजू. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी कॅमेरा दिला. गावी आल्यावर प्रथम भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन सूर्यास्त काढले. तिथे माझ्यासारखे आणखी वीस जण तोच सूर्य काढत होते. मग पक्ष्यांकडे वळलो. माझ्याकडे धनेशाचे सात फोटो आहेत, सातांतही रिकामी फांदी आहे. माणसांचे काढावेत तर कॅमेरा दिसताच ती हात मांडीला चिकटवून, श्वास रोखून उभी राहतात. राहिलं कुंपण. ते उडत नाही, लाजत नाही आणि "मला पाठव हां" असं म्हणत नाही. शिवाय ते हलत नाही. निदान दिवसा तरी. रात्री दीड-दोन हात सरकतं असं भाऊबंदकीतले जाणकार सांगतात, पण रात्रीचे फोटो मला जमत नाहीत.

एकदा नजर बसली की कळतं, कोकणातलं कुंपण ही काय चीज आहे. सगळ्यांचा आजोबा म्हणजे गडगा. जांभ्याचे दगड एकावर एक, मध्ये चुना नाही, माती नाही, सिमेंट नाही. दगडाने दगडाला धरायचं, एवढाच करार. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा-ऊन खाऊन कडक होतो. आमच्याकडची माणसंही तशीच, असं बाहेरचे म्हणतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेऊन हाच गडगा हिरवागार होतो. शेवाळ, नेचे, तेरडा, भोकाभोकांतून गोगलगायी. ऑक्टोबरच्या उन्हात तो तपकिरी पडतो आणि मेपर्यंत काळा. एकाच गडग्याचे बारा महिन्यांचे बारा फोटो काढले, तर कोणी म्हणेल बारा गावं हिंडून आलाय.

दुसरी जात वईची. शिरडी, काटेरी फांद्या, चिव्याच्या काठ्या, झापं, जे हाताशी येईल ते. भाजीच्या मळ्याला दिवाळीनंतर घालतात आणि पुढच्या पावसात तिची माती होते. तिसरी जिवंत कुंपणं : शेर, निवडुंग, मोगली एरंड, घायपात. घायपात वर्षानुवर्षं भाले रोखून उभा असतो, मग एके वर्षी डोक्यावर उंचच उंच तुरा काढतो, आयुष्यात एकदाच, आणि मरतो. आणि उंदीरमारी. हिचा खुंट म्हणून ठोकावा, तार मारावी, तर पावसात खुंटाला पालवी आणि फेब्रुवारीत गुलाबी फुलं. आपण राखणदार नेमावा आणि त्याने तिथेच घर बांधून संसार मांडावा, तसं.

तारा आणि सिमेंटचे खांब अलीकडचे. 1990 च्या सुमारास रोजगार हमीला जोडून फळबागांची योजना आली. सड्यावर जिथे उनाड गुरं बिनदिक्कत चरत होती, तिथे सुरुंग लावून खड्डे झाले आणि आंबा-काजूची कलमं उभी राहिली. कलम आलं की कुंपण आलंच. गुरं थांबली. वानर मात्र थांबले नाहीत. माझ्या संग्रहातला सगळ्यांत समाधानी चेहरा एका वानराचा आहे. झटका मशीनच्या खांबावर, बरोब्बर पोर्सेलिनच्या खुंटीशेजारी, तारेला शेपूटही न लागू देता तो बसलाय आणि अर्धा हापूस खातोय. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावालासुद्धा कुंपण पडलं. ते त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

हा छंद जगात मला एकट्यालाच नाही, हे समजल्यावर फार धीर आला. पॉल स्ट्रँड नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने 1916 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट केंट इथे एका साध्या पांढऱ्या लाकडी कुंपणाचा फोटो काढला. पुढे ओबडधोबड पांढऱ्या फळ्या, मागे काळपट घरं, बस्स. आधुनिक छायाचित्रकलेच्या इतिहासात त्या फळ्यांना मानाचं पान आहे. स्ट्रँडला कोणी "तारीख लागली काय?" असं विचारलं की नाही, याची नोंद नाही.

त्याच 1916 साली आमच्या रत्नागिरीत एक माणूस कुंपणाच्या आत वारला. ब्रह्मदेशचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढे त्याला इथे आणून ठेवलं. 1910 मध्ये त्याच्यासाठी टेकाडावर राजवाडा बांधून झाला. तिथून खाडी दिसते, समुद्र दिसतो, म्हणजे जायची वाट सगळी दिसते, फक्त जाता येत नाही. पुढे 1924 ते 1937 सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं, तेव्हा तर दगड-काटा काहीच लागलं नाही. जिल्ह्याची हद्द हेच कुंपण. नकाशावरची रेघ. मी थिबा पॅलेसला कॅमेरा घेऊन गेलो होतो, सगळ्यांनी लाल इमारतीचे आणि नक्षीदार खिडक्यांचे फोटो काढले. मी आवाराची भिंत काढली. रखवालदार बराच वेळ माझ्यामागून फिरत होता.

पण माझा खरा गुरू निराळाच. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलावंत दांपत्याने 1976 साली कॅलिफोर्नियात टेकड्यांवरून थेट समुद्रापर्यंत पांढऱ्या नायलॉनच्या कापडाचं कुंपण घातलं. अठरा फूट उंच, जवळजवळ चाळीस किलोमीटर लांब. चौदा दिवस ठेवलं आणि काढून टाकलं. मी ही हकीकत ओटीवर सांगितली, तेव्हा कापडाचं कोणालाच नवल वाटलं नाही. डुकरं येऊ नयेत म्हणून जुन्या साड्या बांधलेलं शेत आमच्याकडे कोणीही दाखवील, आणि त्याला रंगही जास्त. वाऱ्यावर फुगणाऱ्या त्या नऊवारी-पाचवारींचा फोटो माझ्याकडे आहे. एका साडीचे काठ ओळखून हिने तो खाली ठेवायला लावला, ती गोष्ट वेगळी.

श्रोते थक्क झाले ते पुढच्या तपशिलाने. ते कुंपण एकोणसाठ शेतकऱ्यांच्या जमिनीतून गेलं आणि एकोणसाठही जणांनी परवानगी दिली. "एकोणसाठ?" एका आजोबांनी कवळी सावरली. "सगळे हो म्हणाले? सख्खे, चुलत, सगळे?" मी सांगितलं की तिथेही अठरा जाहीर सुनावण्या झाल्या, कोर्टकचेरी झाली, सगळ्याला बेचाळीस महिने लागले. तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. "बेचाळीस महिने म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे तेवढ्यात समन्स लागतं."

आता मूळ गडग्याकडे येतो. आमचं आणि चुलत घराचं आगर यांच्यामधून तो दक्षिणोत्तर जातो. त्याच्यावरून माझे वडील आणि त्या घरातल्या अण्णांचे वडील यांचा दीड हात जमिनीचा दावा अठरा वर्षं चालला. दोघेही गेले, दावाही थकून बसला. आता गणपतीत आरतीपुरतं जाणंयेणं आहे. मी गडग्याचे शंभरावर फोटो काढले, पण सगळे पश्चिमेकडून, म्हणजे आमच्या बाजूने. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे शेवाळ, नेचे, हिरवाई आमच्या वाट्याला. गडग्याला एके ठिकाणी वरच्या दोन थरांचे दगड नाहीत, खोबण पडल्यासारखं झालंय. कधीतरी गुराने उडी मारली असेल, असा माझा समज. मला ती जागा फार आवडायची. त्या खोबणीतून पलीकडची सुपारी नेमकी मधोमध येते. पडझडीतलं सौंदर्य, वगैरे.

पण सकाळचा उजेड पलीकडच्या बाजूवर पडतो. आणि माझ्या लक्षात आलं की गडग्याला दोन बाजू असतात, फोटोत एकच येते. दुसरी हवी असेल तर शेजाऱ्याच्या बेड्यातून आत जावं लागतं.

काकींची बातमी माझ्याआधीच पोचली होती. अण्णा ओटीवर बसलेले. बनियन, चष्मा, समोर अडकित्ता.

"या. वकील कोण दिलाय?"

मी कॅमेरा दाखवला, छंद सांगितला, स्ट्रँड सांगितला, क्रिस्टो सांगितला. अण्णा सुपारी कातरत राहिले. मग काही न बोलता उठले, माजघरात गेले आणि कापडात बांधलेलं एक दप्तर घेऊन आले. गाठ सोडली. आत गडग्याचे फोटो. 1974 पासूनचे. आधी काळे-पांढरे, मग रंगीत, मागे शिक्के, तारखा, निशाणी क्रमांक. तीच जागा, तोच कोन, दर दोन-चार वर्षांनी. काही फोटोंत चुन्याचे पट्टे मारलेली काठी धरून एक हाफपँटमधला मुलगा उभा. "मी," अण्णा म्हणाले. "मापाला."

मी गप्प झालो. निवृत्तीनंतर कलावंत झाल्याची माझी जी समजूत होती, ती त्या दप्तरापुढे टिकणारी नव्हती. एकाच विषयाचा असा चिकाटीने केलेला पाठपुरावा मोठमोठ्या प्रदर्शनांतही बघायला मिळत नाही.

सगळ्यांत खाली एक फोटो होता. त्याच्यावर शिक्का नव्हता, क्रमांक नव्हता. गडगा तोच. पण फोटोग्राफरने बटण दाबायला आणि समोर काहीतरी घडायला एकच गाठ पडली होती. गडग्यावरून दोन हात पुढे आलेले, त्या हातांत भलामोठा फणस, आणि अलीकडून घेणारे दोन हात. पलीकडे माझे वडील. अलीकडे पाठमोरे, उघड्या अंगाचे अण्णांचे वडील.

"हा कोर्टात लावला नाही?"

"वकील म्हणाला, हा लावू नका. केस जाईल."

"म्हणजे दावा चालू असताना…"

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दावा जमिनीचा होता. फणसाचा नव्हता."

फोटो मागितला, तर म्हणाले, तुझ्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो काढून ने, मूळ प्रत मिळणार नाही. मग आम्ही दोघं आगरात उतरलो. सकाळचं ऊन गडग्यावर सरळ पडलं होतं. या बाजूला शेवाळ नाही, जांभा कोरडा, तांबडा, भोकाभोकांत सावल्या. मी कोन शोधत खोबणीपर्यंत आलो आणि थांबलो.

गडग्याच्या पायथ्याशी, खोबणीच्या बरोबर खाली, सहा दगड नीट रचून ठेवले होते. त्यांच्यावर माती चढली होती, कडेने गवत आलं होतं. पण एकावर एक, ओळीत. उडी मारून गेलेलं जनावर दगड असे रचून ठेवत नाही.

"हे पडलेले नाहीत?"

"पडतायत कसले. काढलेत." अण्णांनी खोबणीच्या कडेवर हात ठेवला. कडेचा दगड मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता. "तुमच्याकडे बरका, आमच्याकडे कापा. म्हातारीला साटं घालायला बरका लागायचा, तुझ्या वडलांना खायला कापा. एवढं धूड गडग्यावरून चढवायचं म्हणजे कंबर जायची. म्हणून दोघांनी मिळून वरचे थर उतरवले."

दीड हातासाठी अठरा वर्षं भांडलेल्या दोन माणसांनी फणसाच्या मापाची वाट मोजून काढली होती, आणि त्या मोजणीवर कोणाचीच हरकत नव्हती. मी मात्र आमच्या बाजूला उभा राहून तिला पडझड म्हणत होतो.

मी त्या सहा दगडांचा फोटो काढला. अण्णा बाजूला उभे होते. काठी नव्हती, पण हात आपोआप मापाला धरल्यासारखा सरळ झाला होता.

"बरका अजून धरतो ना तुमचा?" त्यांनी विचारलं.

"धरतो. कोणी उतरवत नाही. वानर खातात."

"मग मे महिन्यात हाक मार," अण्णा म्हणाले. "इथूनच."